एकदा सांगितलेलं पुन्हा नको

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते सूचनाफलकासमोर. आमच्या वस्तीच्या टोकाला स्नायूंचे आजार असलेल्यांची एक निवासी संस्था आहे. निवृत्त झाल्यावर मी तिथे रविवारी सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायला जाऊ लागले. ज्यांच्या हातांना कागद धरवत नाही अशी सात-आठ माणसं व्हरांड्यात चाकाच्या खुर्च्या ओळीने लावून बसायची आणि मी मोठ्याने वाचायची. छत्तीस वर्षं वर्गात काढल्यामुळे एक खोड जडली आहे. वाचता वाचता डोळे वर करून कोणाचं लक्ष नाही ते मी बघते.

त्या दिवशी लक्ष नसलेली एकच व्यक्ती होती. चाळिशी ओलांडलेली, करड्या स्वेटरमधली, खांद्याला कापडी पिशवी. फलकावर काय आहे ते मला पाठ होतं. पाणी बंद राहण्याच्या वेळा, भेटीचे नियम आणि आग विझवायचं नळकांडं कसं वापरावं याची माहिती. ती आगीचं वाचत होती. वाचून झाल्यावर कोपऱ्यातल्या नळकांड्यापाशी गेली, वाकून त्याच्यावरची चिठ्ठी वाचली, आणि कार्यालयात जाऊन म्हणाली, "याची मुदत गेल्या महिन्यात संपली आहे." आवाजात तक्रार नव्हती. कळवायचं म्हणून कळवलं, एवढंच.

"ती माझी ताई," पहिल्या खुर्चीतला तरुण मला म्हणाला. "तिला वाचायला काहीही चालतं. लहानपणी औषधाच्या बाटलीवरचं सगळं वाचून झाल्याशिवाय मला औषध द्यायची नाही. तोवर माझा ताप उतरलेला असायचा."

तो तिला ताई म्हणतो म्हणून सगळी संस्था तिला ताई म्हणते. मी वयाने तिच्या आईसारखी, तरी मीही ताईच म्हणू लागले. तो मात्र धाकटाच राहिला. तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. सोळाव्या वर्षी जिना चढताना पाय अडखळायला लागले, पंचविशीत खुर्ची आली. वडील आधीच गेलेले. आई होती तोवर दोघी मिळून त्याला उचलायच्या. आई गेल्यावर ताईला एकटीला ते झेपेना. एकदा न्हाणीघरात दोघंही पडली, तेव्हा धाकट्यानेच या संस्थेचं नाव काढलं. ताई तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची.

तिच्या कामाबद्दल मला कळलं ते तुकड्यातुकड्यांनी, वर्षभराच्या रविवारांतून. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या संशोधन विभागात होती. टायपिस्ट म्हणून लागली होती. नवीन औषध माणसांवर करून बघायचं तर त्या चाचणीची आधी उघड नोंद करावी लागते, आणि ती नोंद संगणकावर कोणालाही वाचता येते. रोज अशा साठ-सत्तर नोंदी यायच्या. ताई सकाळी साडेसातला जाऊन त्या सगळ्या वाचायची, आपल्या डॉक्टरांच्या उपयोगाच्या निवडायची आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी विभागाच्या ग्रुपवर टाकायची. सव्वानऊला डॉक्टर वॉर्डात फिरायला निघत, त्याच्या आत.

तिचे मेसेज मी पाहिले आहेत. माझ्या वर्गात असती तर निबंधाला पैकीच्या पैकी दिले असते. "गुडघ्याच्या संधिवातासाठी नवी गोळी. पन्नाशीच्या पुढचे रुग्ण हवेत. आधी शस्त्रक्रिया झालेली चालणार नाही. दुसऱ्या मजल्याने बघावं." एक शब्द जास्त नाही. त्यावर कोणी अंगठ्याचं चित्र टाकायचं, कोणी धन्यवाद लिहायचं. हाडांचे डॉक्टर तर रोज काहीतरी टोमणा मारायचेच. "आज आमच्यासाठी काही नाही? हाडं मोडायची थांबली की काय?" ती त्यावर लिहायची, "उद्या बघते." एखाद्या दिवशी मेसेज नऊ वाजून पंधराला गेला तर लगेच कोणीतरी विचारायचं, "नऊ-पाच, बरी आहेस ना?" विभागात तिला नऊ-पाच हेच नाव पडलं होतं.

"दिवसभरात माझ्याशी माणसं बोलतात ती एवढीच," ती मला एकदा म्हणाली. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. घरून निघताना किल्ली घेतली का ते विचारतो, तशा सुरात म्हणाली.

हे काम तिने मागून घेतलं होतं, आणि ते का, हे विभागात एक-दोघांनाच माहीत होतं. रोज संगणक उघडला की सगळ्यांत आधी ती एकच नाव शोधायची, धाकट्याच्या आजाराचं. आठ वर्षांत ते तीनदा आलं. एकदा लहान मुलांसाठी. एकदा स्वतःच्या पायांवर चालणाऱ्यांसाठी. तिसऱ्यांदा आलं तेव्हा बाकी सगळं जुळत होतं, पण वयाची अट होती अठरा ते तीस, आणि हा बत्तीस वर्षांचा.

"दोन वर्षांनी मोठा निघालो," धाकटा मला सांगत होता. "जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला मोठा म्हणालं, बाई, तेही नको तिथे."

ताईने ती नोंदसुद्धा रीतसर ग्रुपवर टाकली. दुसऱ्या कोणाच्या रुग्णाला उपयोग झाला असता.

यानंतर दोनेक वर्षांनी विभागप्रमुख डॉक्टर बाईंनी तिला बोलावलं. बाई चांगल्या, पण घाईच्या. "तुमचे रोज दीड-दोन तास या वाचनात जातात. हे आता आपोआप होतं. तेवढ्या वेळात रुग्णांना फोन होतील." खालच्या मजल्यावरचा संगणकवाला तीन दिवस येऊन बसला आणि मग दुसरीकडे काही बिघडलं म्हणून गेला तो गेलाच. पुढचं ताईने एकटीने केलं. नियमांची वही तिने मला दाखवली होती. कोणता शब्द आला की कोणत्या डॉक्टरांचं नाव लावायचं, कोणती अट कुठून उचलायची, सगळं ठसठशीत अक्षरात, समास सोडून. मला त्यातलं काही कळलं नाही, पण समास बघून बरं वाटलं.

पहिल्या दिवशी नऊ वाजून पाच मिनिटांनी मेसेज आपला आपण गेला. तिच्या नावाऐवजी वर 'सूचना' असं नाव आणि घंटेचं चित्र. हाडांच्या डॉक्टरांनी लिहिलं, "झकास."

पण आठवड्याभरात घोडं अडलं. झालं असं की नोंदीत कुठेही काही बदललं, कोणाचा फोन नंबर, एखाद्या रुग्णालयाचा पत्ता, तरी यंत्राला ती नवीनच वाटायची. एका सकाळी एकच चाचणी चौदा वेळा आली. जुन्या, चार-पाच वर्षांपूर्वीच्याही उगवू लागल्या. ग्रुपवर थट्टा सुरू झाली. "हे तर पाढे म्हणतंय." "कोणीतरी याला खाली बसवा." विभागप्रमुखांनी शेवटी लिहिलं, "एकदा सांगितलेलं पुन्हा नको."

ताईला ते लागलं. तिने एक नियम घातला. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो. एकदा पाठवलेला क्रमांक एका यादीत जाईल, आणि यादीतला क्रमांक पुन्हा पाठवायचा नाही. दुसरं कोणी असतं तर एवढ्यावर थांबलं असतं आणि यादी आजपासून भरू लागली असती. पण ताई ती ताई. जुन्याही उगवू नयेत म्हणून तिने आठ वर्षांत स्वतः हाताने पाठवलेल्या सगळ्या नोंदींचे क्रमांक शोधून काढले, चार हजारांच्या वर, आणि दोन आठवडे बसून एकेक यादीत घातला. दोनदा पडताळून पाहिले.

"आता कसं शांत झालं," विभागप्रमुख म्हणाल्या.

खरंच शांत झालं. रोज नऊ-पाचला घंटेचं चित्र यायचं. यंत्राला धन्यवाद कोण म्हणतं? आधी अंगठे कमी झाले, मग थांबले. हाडांच्या डॉक्टरांनीही टोमणे सोडले. घंटेला टोमणा मारून काय उपयोग? ताई आता रुग्णांना फोन करायची. कोण कधी येणार, गोळ्या संपल्या का, एवढंच बोलणं. त्या थंडीत तिला ताप आला. तीन दिवस ती अंथरुणावर होती. कार्यालयाच्या हजेरीत रजा लागली असेल, पण विचारलं कोणी नाही. कारण मेसेज तिन्ही दिवस वेळेवर गेला होता. चौथ्या दिवशी ती गेली तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "अगं, तू इथेच होतीस ना?"

मला हे सांगताना ती हसली होती. मी हसले नाही.

पुढची गोष्ट एका फोनची आहे. एका रुग्णाच्या आईने विभागात फोन केला. तिच्या मुलाला धाकट्याचाच आजार, वय छत्तीस. "त्या चाचणीचं वय वाढवलंय म्हणे," आई म्हणाली. "चाळीसपर्यंत. आमच्या ओळखीतलं कोणी सांगत होतं."

"नाही हो," ताई ठामपणे म्हणाली. "तसं असतं तर आम्हाला आधी कळलं असतं. रोज सूचना येते."

फोन ठेवल्यावर, केवळ सवयीने, तिने ती नोंद उघडली. अठरा ते चाळीस. बदल केल्याची तारीख एकेचाळीस दिवसांपूर्वीची. रुग्ण घेणं बंद होणार होतं त्या दिवसापासून नवव्या दिवशी.

नोंद जुनीच होती. क्रमांक जुनाच. ताईने स्वतः, दोनदा पडताळून, यादीत घातलेला.

तिने आधी त्या आईला फोन केला. "मी चुकीचं सांगितलं. वय वाढलंय. आजच नाव द्या." मग चाचणी जिथे होती त्या दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयाला फोन करून धाकट्याचं नाव दिलं. सहाव्या दिवशीची वेळ मिळाली. मग तिने मला फोन केला. तोवर तिने मला कधी फोन केला नव्हता.

"बाई, गाडीत खुर्ची चढवायला आणि दार धरायला एक माणूस लागतं. दुसरं कोणी नाही माझ्याकडे."

आम्ही पहाटे निघालो. धाकटा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. वाटेत तो मला म्हणाला, "परीक्षेला चाललोय, बाई. काही महत्त्वाचे प्रश्न सांगा." ताई पुढे बसून अटींचा कागद वाचत होती. पाचवी अट काय आहे ते तिला माहीत होतं, मला नव्हतं.

तपासणीची खोली छोटी, स्वच्छ, भिंतीला फिकट हिरवा रंग. रक्त घेतलं, छाती तपासली, श्वास मोजला. सगळं अटीत बसत होतं. मग एका तरुण मुलीने टेबलावर अर्धा भरलेला पाण्याचा पेला ठेवला. कोणत्याही एका हाताने, कोपर टेबलाला न टेकवता, पेला ओठांपर्यंत न्यायचा. हीच ती पाचवी अट. तीन संधी.

पाच आठवड्यांपूर्वी व्हरांड्यात माझ्यासमोर हे त्याने सहज केलं होतं, चहाच्या कपाने. पण मध्ये त्याला छातीत कफ झाला, बारा दिवस तो पडून होता. संस्थेतल्या आमच्या मुलांचं असं असतं की पडून राहिलेल्या दिवसांत जे जातं ते परत येत नाही. उजवा हात तेव्हा गेला. डाव्यात आधीपासूनच फारसं नव्हतं.

पहिल्यांदा पेला छातीपर्यंत आला. दुसऱ्यांदा हनुवटीपर्यंत, आणि सदऱ्यावर सांडला. ती मुलगी म्हणाली, "घाई नाही. थोडं थांबून करू." तिने पेल्यात पुन्हा पाणी घातलं, मला वाटतं आधीपेक्षा कमी. तिसऱ्यांदा तो टेबलावरून उचललाच गेला नाही.

"तहान गेली," धाकटा म्हणाला.

मुलीने कागदावर काहीतरी लिहिलं आणि खाली बघत राहिली. ताईने रुमालाने त्याचा सदरा पुसला. ती फार वेळ पुसत होती.

परतीला लागून तास झाला. मग ताई मागे वळली.

"तुला एक सांगायचंय."

"सांग."

"हे वय वाढवल्याला दीड महिना झाला. मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण जुन्या नोंदी पुन्हा दाखवायच्या नाहीत हा नियम मी घातला. तुझ्या चाचणीचा क्रमांकही मीच घातलाय यादीत."

तो खिडकीतून बाहेर बघत होता. "दीड महिन्यापूर्वी माझा हात उचलत होता."

"हो."

"म्हणजे काखेत कळसा."

"हो."

मग तो म्हणाला, "रडणार असशील तर आत्ता गाडीत रड. तिथे पोचलो की सगळे खुर्च्या वळवून बघतात."

ती रडली नाही. तोही नाही. मीच काय ती रुमाल शोधत होते.

दुसऱ्या दिवशी तिने ग्रुपवर मेसेज टाकला, कितीतरी महिन्यांनी स्वतःच्या नावाने. चूक काय झाली, ती कोणाची, आणि यादीमुळे झाकल्या गेलेल्या आणखी सतरा नोंदी कोणत्या, ज्यांच्या अटी मधल्या काळात बदलल्या होत्या. धाकट्याचा उल्लेख नव्हता. विभागप्रमुखांनी उत्तर दिलं, "ठीक आहे. दुरुस्त करा." हाडांच्या डॉक्टरांनी त्यांच्या दोन नोंदींबद्दल आभार मानले. त्यानंतर ग्रुप पुन्हा गप्प झाला.

मी तिला म्हणाले, "अगं, माणसाच्या हातून चूक होते. तू तर स्वतः सांगितलीस."

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही कधी एखाद्या मुलाचा निकाल चुकीचा लावलाय?"

लावला होता. एकदा, बेरजेत. तो मुलगा वर्षभर मागे राहिला, आणि त्याचं नाव मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी तिला "हो" एवढंच म्हटलं. त्यानंतर मी तिची समजूत काढायचा प्रयत्न केला नाही.

त्या रविवारी धाकटा व्हरांड्यात आला नाही. झोपलाय असा निरोप आला. ताई तासभर बाकावर बसली आणि गेली. पुढच्या रविवारीही तसंच. तिच्या पिशवीत त्याच्यासाठी आणलेला नवा सदरा होता, तो तिने परत नेला. मी वर्तमानपत्र वाचत राहिले, पण मला खरं म्हणजे त्या रिकाम्या जागेला खडसावावंसं वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी मीच त्याच्या खोलीत गेले. तो जागा होता.

"ती बाहेर आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे. तिची पावलं कळतात." तो छताकडे बघत होता. "रागावलोय असं नाही, बाई. म्हणजे रागावलोय. पण तिच्यावर रागावलो तर मग मला दुसरं आहे कोण?"

मी खुर्ची त्याच्या पलंगाशी ओढून बसले. आधी ऐकून घ्यायचं, शाळेत शिकलेली ही एकच गोष्ट मला म्हातारपणी उपयोगी पडते.

"तिला आत पाठवा," तो म्हणाला. "नखं वाढलीत माझी. इथला माणूस कापतो ती वाकडी कापतो."

ताई आत गेली. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं ते सांगते. ती म्हणाली, "कुठला हात आधी?" तो म्हणाला, "कुठलाही. दोन्ही आता सारखेच आहेत."

त्या आईचा छत्तीस वर्षांचा मुलगा चाचणीत घेतला गेला. आई दर महिन्याला ताईला फोन करून तो कसा आहे ते सांगते. कधी बरा असतो, कधी फरक नाही म्हणते. ताई ऐकून घेते आणि आपल्याबद्दल काही सांगत नाही.

यंत्राचा नियम तिने बदलला. आता वय, आजार किंवा मुदत बदलली तर जुनी नोंदही येते, आणि पत्ते-फोन बदललेल्या येत नाहीत. तरी बदललेल्या नोंदी ती रोज एकदा स्वतः वाचते. तसं करायला तिला कोणी सांगितलेलं नाही. ग्रुपवर मेसेज घंटेच्याच नावाने जातो. धाकट्याच्या आजाराचं नाव त्यानंतर अजून आलेलं नाही.

गेल्या महिन्यात तिने तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या सोडल्या. आता ती संस्थेपासून चालत सात मिनिटांवर एका खोलीत राहते आणि रोज संध्याकाळी साडेसहाला धाकट्याला जेवण भरवायला येते.